अडुळशाने न दिलेला रस

धोंडखळ हे गाव माळावर वसलेले आहे. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा, आणि गावाच्या उत्तरेला एक टेकाड. त्या टेकाडावर महादेवाचे जुने देऊळ. दयाळगीर महाराज फिरत फिरत या गावी आले तेव्हा देवळाचा कळस पडलेला होता आणि गाभाऱ्यात वटवाघळे राहत होती. महाराजांनी झोळी खुंटीला अडकवली, केरसुणी मागून आणली आणि तीन दिवस देऊळ झाडले. चौथ्या दिवशी गावकरी दर्शनाला गेले, तर महाराज ओट्याचे निसटलेले दगड बसवत होते. पुढची एकवीस वर्षे ते तेथेच राहिले.

भाविकहो, महाराजांनी पाण्यावरून चालून दाखवले किंवा मुठीतून विभूती काढली, असे धोंडखळात कोणी सांगत नाही. ते फार बोलतही नसत. आल्यागेल्याला ताक देत, गुरांच्या डोणीत पाणी भरत, आणि कोणी गाऱ्हाणे घेऊन आला तर आधी त्याला जेवलास का म्हणून विचारत. पण त्यांच्या हयातीत या गावात एक गोष्ट घडली, ती जुनी माणसे अजून सांगतात. ती ठकू कुंभारणीची गोष्ट.

ठकूचा नवरा तरुणपणीच वारला. पदरी मूलबाळ नव्हते. दीर चाकावर मडकी काढी आणि ठकू ती थापटून घडवी. माती मळणे, राख चाळणे, भट्टीला गोवऱ्या लावणे ही सगळी कामे तिचीच. भट्टीच्या धुराने तिला कायमचा खोकला जडला होता. खोकता खोकता ती वाकून जाई, मग पदराने तोंड पुसून पुन्हा थापटणे हाती घेई. तिच्या खोकल्याची गावाला इतकी सवय झाली होती, की कुंभारवाड्यातून तो ऐकू आला नाही तर लोक विचारत, ठकू परगावी गेली काय म्हणून.

एकदा ती देवळात पाण्याचा माठ द्यायला गेली. महाराजांनी तिचा खोकला ऐकला.

"कधीपासून?" महाराजांनी विचारले.

"धनी गेल्यापासनं," ठकू म्हणाली. "आता काय, तो माझ्यासंगंच जायचा."

महाराज उठले. देवळाच्या मागे पावसाचे पाणी निथळून जाई, तिथे त्यांनी एक झुडूप लावले होते. ते तिथे गेले आणि कोयत्याने त्याच्या अकरा काड्या छाटून घेऊन आले. बोटाएवढ्या जाड, प्रत्येकीला चार-पाच पेरे, आणि पेराशी फुगीर गाठ.

"हा अडुळसा," महाराज म्हणाले. "अंगणाच्या कडेने लाव. दोन पेरं मातीत, दोन वर. डोळा वर राहील असं बघ, काडी उलटी लावू नकोस. महिनाभर पाणी घाल, पुढे फार घालू नकोस. मुळाशी पाणी साचलं तर कुजेल, नाही मिळालं तरी तग धरील. एकदा लागला की बारा महिने हिरवा."

"शेरडं खातील की, महाराज. आमच्या वाड्यात राखण न्हाई."

"शेळी याला तोंड लावत नाही. कडू आहे."

मग महाराजांनी तिला रस काढायची रीत सांगितली. नुसती पाने कुटून पिळली तर रस फार थोडा येतो. म्हणून पाने कुटायची, त्यांचा गोळा वडाच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून दोन बोटे जाड मातीचा लेप द्यायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचा. माती लाल झाली की काढायचा, फोडायचा आणि गरम असतानाच फडक्यातून पिळायचा. त्यात मध घालून चमचाभर घ्यायचा. मातीचे आणि विस्तवाचे काम म्हटल्यावर ठकूला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

ती काड्या पदरात घेऊन निघाली तेव्हा महाराजांनी तिला थांबवले.

"आणखी एक. पोटुशी बाई असेल तर हा रस द्यायचा नाही. गर्भाला सोसत नाही. कोणत्याही बाईला देण्याआधी विचारायचं. विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. राहील ध्यानात?"

"राहील, महाराज."

अकरापैकी नऊ काड्या लागल्या. दुसऱ्या वर्षी त्या कमरेएवढ्या झाल्या, तिसऱ्या वर्षी छातीएवढ्या. पाने वीतभर लांब, भाल्याच्या पात्यासारखी, दोन-दोन समोरासमोर फुटलेली. थंडीत पांढरी फुले येत, जांभळ्या रेघा असलेली, जबडा उघडल्यासारखी. कुंभारवाड्यातली पोरे फुले खुडून मागच्या बाजूने मध चोखत. ठकू दर वर्षी कुंपण छाटी आणि छाटलेल्या काड्या पुढे लावत जाई, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगणाच्या तिन्ही बाजू हिरव्या झाल्या. तिचा खोकला कधी थांबला हे तिलाही सांगता आले नसते. एके दिवशी दीर म्हणाला, "वहिनी, तू आता खोकत न्हाईस," तेव्हा तिच्या लक्षात आले.

मग शेजारणी पाने मागू लागल्या. ठकू पाला देई, रस काढून देई, कणगीत किडे होऊ नयेत म्हणून धान्यात घालायला वाळलेली पाने देई. कोणाकडून काही घेत नसे. आणि बाई असली की विचारी. काही बायांना राग येई, काही हसत, पण ठकूने विचारायचे कधी सोडले नाही.

गावात विसाजीपंत म्हणून वैद्य होते. विद्वान माणूस. घरात पोथ्यांची दोन कपाटे, आणि नाडीपरीक्षेत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, अशी ख्याती. मनगटावर तीन बोटे ठेवून ते रोग्याने काल काय खाल्ले ते सांगत. हे खरेच होते, त्यात खोटे काही नव्हते. पण खऱ्या विद्येलाही ताठा चढतो, तसा तो पंतांना चढला होता. रोगी काही सांगू लागला की ते म्हणत, "तू गप्प राहा. तुझी नाडी सांगते आहे."

कुंभारीण औषध देते हे त्यांच्या कानावर आले तेव्हा त्यांनी आधी हसण्यावारी नेले. पारावर बसले की ते चारचौघांत म्हणत, "गोसाव्यानं प्रसाद दिला, तो काय दिला? शेळीनंसुद्धा टाकलेला पाला. आता मडकी भाजायची तशी ही औषधं भाजणार. उद्या चांभार नाडी बघेल आणि मी जोडे शिवीन."

लोक हसत. एकदा ठकू पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. तिने ऐकले, मान खाली घातली आणि पुढे गेली. संध्याकाळी देवळात मात्र तिने महाराजांपाशी विषय काढला. "पंत शिकलेले हाइत. त्यांना वाईट वाटत असंल तर मी देत न्हाई कुणाला."

"पंतांना पान चांगलं ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "त्यांच्या पोथीत त्याचं नावही आहे. तुला झाड ठाऊक आहे. देत जा."

पुढे लागोपाठ दोन वर्षे पाऊस फिरला. दुसऱ्या वर्षी दिवाळीतच ओढा आटला, आणि पौष-माघात बोचरी थंडी आणि वाऱ्याबरोबर उडणारी धूळ, अशी दोन्ही एकदम आली. घरोघर खोकला पसरला. पंतांच्या परसात औषधी झाडे होती ती वाळून गेली. डब्यातल्या वाळल्या पाल्यात सत्त्व उरले नव्हते. देवळामागचे झुडूप सोडले, तर सगळ्या धोंडखळात हिरवे म्हणावे असे एकच राहिले, ते ठकूचे कुंपण. रोज सकाळी वाटी घेऊन माणसे तिच्या अंगणात बसू लागली. पंतांच्या ओसरीवरची गर्दी विरळ झाली. ते पारावर येईनासे झाले.

त्याच दिवसांत पंतांची एकुलती एक लेक मथुरा माहेरी आली. तिला जिन्याएवढे चढले तरी धाप लागत होती. खोकला सुरू झाला की थांबत नसे, आणि दोनदा पदरावर रक्ताचा ठिपका दिसला होता. पंतांची पत्नी केव्हाच गेली होती. घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. पंतांनीच लेकीला जवळ बसवले, मनगटावर बोटे ठेवली, डोळे मिटले आणि निदान केले. रक्तपित्त. औषध अडुळसा, ताज्या पानांचा.

मथुरा म्हणाली, "बाबा, मला..."

"तू बोलू नकोस, खोकला येईल," पंत म्हणाले. "मला सगळं कळलं आहे."

ताजा अडुळसा कुठे आहे हे घरच्या गड्यालाही ठाऊक होते. पंतांनी त्याला, म्हणजे दगडूला, टोपली देऊन पाठवले, पण कोणासाठी ते सांगू नकोस असे बजावून.

"कुणाला पायजे पाला?" ठकूने विचारले.

"पंतांस्नी," दगडू म्हणाला.

पंतांनाही खोकला झाला असेल असे ठकूला वाटले. तिने चांगली जून, गर्द पाने निवडून टोपली भरून दिली.

पंतांनी पाने स्वतः कुटली, गोळा बांधला, माती लावली, भाजला. फोडून फडक्यात घालून पिळला. थेंब आला नाही. गोळा भुसकटासारखा कोरडा होता. पंतांना वाटले विस्तव जास्त झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाला आणवला, विस्तव कमी ठेवला. पुन्हा तेच. त्या रात्री मथुराला मोठी उबळ आली आणि पदरावरचा ठिपका आधीपेक्षा मोठा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी विसाजीपंत स्वतः कुंभारवाड्यात आले. त्या वाड्यात ते पूर्वी कधी आले नव्हते. अंगणात आठ-दहा माणसे बसली होती. त्यांत न्हाव्याची म्हातारी आई सारजा होती, धाकट्या लेकाच्या खांद्याला टेकून बसलेली.

"ठके," पंत म्हणाले, "मला कसला पाला दिलास?"

"ह्योच की, पंत. समद्यांना देते त्योच."

"मग त्यात रस का नाही? माझी लेक तिकडे रक्त टाकते आहे, आणि तू मला वाळलेला पाला देऊन माझी थट्टा करतेस?"

ठकूच्या हातातले फडके तसेच राहिले. "लेकीसाठी हाय?" तिने विचारले. मग सगळ्यांच्या देखत, पण आवाज खाली आणून ती म्हणाली, "पंत, रागावू नका. ताईसाहेब पोटुशा तर न्हाईत ना?"

पंतांचा चेहरा लाल झाला. "माझ्या लेकीची नाडी माझ्या बोटाखाली आहे. मी पस्तीस वर्षं नाडी बघतो आहे. तू मला विचारणार?"

ठकूने फडके खाली ठेवले. पंत म्हणाले, "आता माझ्या डोळ्यांदेखत कर. नाही, तू हात लावू नकोस. मीच करतो."

त्यांनी उपरणे कमरेला बांधले. कुंपणाची पाने स्वतः तोडली, पाट्यावर वाटली, आणि त्या एकाच वाटणाचे दोन सारखे भाग केले. एक लेकीसाठी आणि एक सारजेसाठी. सारजेचा रस त्या दिवशी व्हायचाच होता. दोन्ही गोळे वडाच्या पानात बांधून त्यांनी ठकूची मळलेली माती त्यांवर थापली आणि लेकीच्या गोळ्यावर अंगठ्याची खूण केली. दोन्ही एकाच विस्तवात शेजारी शेजारी ठेवले. ठकू दूर उभी राहून बघत होती. सारा जन्म भट्टीपाशी घालवलेली ती बाई; विस्तव नीट आहे हे तिला दुरूनही कळत होते. माती एकाच वेळी लाल झाली.

पंतांनी आधी सारजेचा गोळा फोडला. फडके पिळताच हिरवट काळा रस धारेने वाटीत उतरला. मग खुणेचा गोळा फोडला. पिळला. पुन्हा पिळला, मनगटाच्या शिरा दिसू लागेपर्यंत पिळला. फडके कोरडेच राहिले.

एका वाटणाचे दोन गोळे, बांधणारा एक, विस्तव एक.

पंतांनी फडके टाकले आणि सारजेची वाटी उचलायला हात पुढे केला. "ही मला दे. म्हातारीला दुसरी होईल."

त्या आधी ठकूने वाटीवर तळहात ठेवला.

पंतांसमोर तिने आजवर मान वर केली नव्हती. पण हात तिने हलवला नाही. "ताईसाहेबांना इचारल्याबिगर न्हाई, पंत. मला तसं सांगितलेलं हाय."

"हात काढ."

"न्हाई."

"मी हे कुंपण मुळासकट उपटून काढीन. तू चेटूक केलं आहेस या झाडावर, हे आता सगळ्यांनी पाहिलं. गावात राहणं मुश्कील करीन तुझं."

"झाड तोडा," ठकू म्हणाली. "मी आडवी येत न्हाई. पर वाटी देणार न्हाई." आणि तिने वाटी उचलून सारजेच्या हातात दिली. म्हातारी शहाणी. तिने मधाची वाट पाहिली नाही, वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली.

पंतांनी दगडूला कोयता आणायला पाठवले. मग त्यांना वाटले, नुसते झाड तोडून काय होणार, ज्याने हे दिले त्याच्याच तोंडावर जाब विचारू. ते तरातरा टेकडीकडे निघाले. मागोमाग अंगणातली माणसे आणि सगळ्यांत शेवटी ठकू.

महाराज गुरांच्या डोणीची चीर चुन्याने बुजवत होते. पंतांनी सगळे सांगितले, रागाने पण काही न लपवता. महाराजांनी हात न थांबवता ऐकून घेतले.

"दोन्ही गोळे कोणी बांधले?" महाराजांनी विचारले.

"मीच."

"ठकूनं हात लावला?"

"नाही. मी लावू दिला नाही."

"मग चेटूक केव्हा केलं?"

पंत म्हणाले, "महाराज, माझी लेक मरते आहे. तुम्ही माझ्याशी वाद काय घालता?"

तेव्हा महाराजांनी हात धुतले आणि ते जवळ आले. पंतांच्या डोळ्यांत पाणी होते, ते त्यांना दिसले. "वाद नाही, पंत," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढंच सांगा, मुलीला विचारलंत?"

"नाडी पाहिली."

"नाडी पाहिलीत. मुलीला विचारलंत?"

पंत खाली डोणीकडे पाहू लागले.

"ठकू," महाराज म्हणाले, "तू जा. बाईची गोष्ट बाईनं विचारावी. पंत, तुम्ही हिच्याबरोबर जा, पण ओसरीवर थांबा."

ठकू वैद्यांच्या घरी मागच्या दाराने आत गेली. माजघरात मथुरा भिंतीला टेकून बसली होती. अंगावर घोंगडी, चेहरा पांढराफटक. ठकू उंबऱ्यापाशीच बसली.

"ताईसाहेब, मी ठकू. कुंभारवाड्यातली. एक इचारू का? राग धरू नका."

मथुराने मान हलवली.

"पाळी कधी आली हुती?"

मथुराने घोंगडी बाजूला केली आणि हात पोटावर ठेवला. "तिसरा लागलाय," ती म्हणाली. "आधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. लोक नाही नाही ते बोलले. सासूबाईंनी सांगितलं, या वेळी चौथा सरेपर्यंत कोणाजवळ बोलू नकोस, दृष्ट लागते. इथे आले तेव्हा बाबांना सांगणार होते. पण आई नाही, बाबांना कसं सांगायचं? एकदा तोंड उघडलं, तर ते म्हणाले बोलू नकोस." ती थांबली. खोकली. मग म्हणाली, "ठकूबाई, बाबा तीन दिवस काहीतरी औषध करताहेत, ते मला चालेल ना?"

ठकू उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "ते औषध झालंच न्हाई, बाय. तीनदा केलं, तीनदा वाळून गेलं. एक थेंब निघाला न्हाई."

ओसरीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. विसाजीपंत भिंतीचा आधार घ्यायला गेले होते आणि कोनाड्यातला खल खाली पडला होता. त्यांनी दारातून सगळे ऐकले होते. अडुळशाने गर्भ टिकत नाही हे त्यांना काय कोणी सांगायला हवे होते? त्यांच्या पोथीत ते लिहिलेले होते. त्यांनी दुसऱ्यांच्या सुनांना त्यासाठीच तो वर्ज्य सांगितला होता. ते ओसरीवर खाली बसले आणि आपल्या उजव्या हाताची तीन बोटे समोर धरून पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

मग ते उठले, अनवाणी टेकडी चढले आणि महाराजांच्या पायांवर पडले. गावचा वैद्य, ज्याच्यापुढे पाटीलही उभा राहत असे, तो चुन्याच्या चिखलात पालथा पडला.

"महाराज, तुम्ही माझं घर राखलंत."

महाराजांनी त्यांना उठवले. "मी डोण लिंपत होतो, पंत. ज्यानं त्या पोटात जीव घातला, त्यानंच पानातला रस आवरून धरला. त्याची सत्ता झाडावर चालते. माणसावर चालवायची तर माणूस तयार असावा लागतो. ती कुंभारीण तयार होती, म्हणून सारजेची वाटी तुमच्या हाती गेली नाही. तिच्यापाशी जा."

पंतांनी मान खाली घातली. "आणि मुलीचा खोकला?"

"तुम्ही वैद्य आहात. गर्भाला सोसेल असं काय देता, ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. फक्त तिला विचारून द्या."

आणि तसेच झाले. पंतांनी धुराची चूल मुलीच्या खोलीपासून दूर नेली. ज्येष्ठमध घालून उकळलेले दूध, तूप, खडीसाखर एवढेच औषध ठेवले. रोज सकाळी ते तिच्याजवळ बसत आणि आधी विचारत, "बाळ, आज कसं वाटतं?" आणि ती सांगून होईपर्यंत मनगटाला हात लावत नसत. घसा सोलून रक्त येत होते ते आठ दिवसांत थांबले. महाराज रोज देवळातली विभूती पाठवत. शिमग्यापर्यंत खोकलाही गेला. दगडूने आणलेला कोयता पंतांनी महाराजांच्या पाया पडले त्याच दिवशी परत पाठवला होता.

कुंभारवाड्यात जाणे मात्र त्यांना जमत नव्हते. महाराजांनी सांगितले होते, ते रोज ठरवत, आणि पारापर्यंत येऊन मागे फिरत. ठकू वाटेत दिसली तर ते बाजूला होऊन वाट देत, पण शब्द फुटत नसे. ठकूही काही बोलत नसे. एकदा तिने दीराला सांगितले, "पंतांना लाज वाटती. वाटू दे. निघंल हळूहळू."

आषाढात पाऊस बरा झाला. ठकूने कुंपण छाटले आणि यंदा काड्या अंगणाबाहेर, वाटेच्या दोन्ही बाजूंनी लावल्या, कारण मागणारे वाढले होते. श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात मथुरा बाळंत झाली. मुलगी झाली, रडणारी, हातपाय झाडणारी.

बाराव्या दिवशी बारसे झाले. पाहुणे जेवून निघून गेले, आणि दिवस कलताना विसाजीपंत घराबाहेर पडले. या वेळी ते पारापाशी थांबले नाहीत. ठकू वाटेकडेच्या काड्यांना भर घालत बसली होती. पंत समोर येऊन उभे राहिले. तिने वर पाहिले.

"मुलगी चांगली आहे," पंत म्हणाले.

"ऐकलं. लई आनंद झाला, पंत."

"ठकूबाई, एक विचारायचं होतं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला अशी हाक मारली. "या काड्या किती पेरांच्या घ्यायच्या? माझ्या परसात लावीन म्हणतो. पोथीत औषध सांगितलं आहे, लावायचं कसं ते सांगितलेलं नाही."

ठकूने त्यांना सांगितले. चार पेरे, दोन आत, दोन वर. डोळा वरच्या अंगाला. पाणी साचू द्यायचे नाही. पंतांनी नीट ऐकले, आणि एकदा चुकले तेव्हा पुन्हा विचारले. मग ते तिथेच ओल्या मातीत बसले, दोन्ही हात जोडले आणि तिच्यापुढे वाकले. रस्त्यावरची दोन माणसे थांबून पाहू लागली. ठकू लगबगीने मागे सरली.

"पंत, उठा," ती म्हणाली. "तुमच्या गुडघ्याखाली कोंब आलाय."

पंतांनी गुडघा बाजूला घेतला, आणि पुन्हा डोके टेकवले.